खेळगाडीचा जीर्णोद्धार

श्रोतेहो, जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एखादे देऊळ उभे राहते. ढासळलेला सभामंडप, निखळलेले चिरे आणि गावाने वर्गणी काढून पुन्हा उभारलेले शिखर. फार तर एखादी बारव, एखादा वाडा. आज मी ज्या जीर्णोद्धाराविषयी बोलणार आहे तो मात्र हातभर लांबीच्या एका खेळण्याचा आहे. तारेवाचून, दुरून, रेडिओच्या लहरींनी चालवायची मोटार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जत्रेत मिळते, शहरातल्या दुकानात मिळते. अशा मोटारींत तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वी ज्या जातिवंत गाड्या निघाल्या, त्या माळ्यावरून, अडगळीतून शोधून काढायच्या, स्क्रू न् स्क्रू खोलून साफ करायच्या, पुन्हा चालत्या करायच्या, किंवा आपल्या आवडीप्रमाणे त्यांना नवे रूप द्यायचे, असा एक छंद आज जपान, इंग्लंड, अमेरिका अशा देशांत चांगला रुजला आहे. करणारी माणसे पोरसवदा नाहीत. डोक्याचे केस पांढरे झालेली मंडळी त्यात आहेत.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या प्राध्यापकाला हा पोरखेळ कशाला हवा? त्याचे उत्तर असे आहे. आकाशवाणीचे भाषण तुमच्या घरी ज्या जातीच्या लहरींवरून येते, त्याच जातीच्या लहरींवर ही गाडी चालते. म्हणजे रेडिओच्या इतिहासाचेच हे एक धाकटे पान आहे. आणि दुसरे, जुनी वस्तू दुरुस्त करताना जुने किती राखायचे आणि नवे किती घालायचे, हा प्रश्न देवळाला जेवढा लागू आहे तेवढाच खेळण्यालाही आहे. किंबहुना खेळणे लहान असल्यामुळे तो प्रश्न तिथे अधिक स्पष्ट दिसतो.

प्रथम मुळाकडे जाऊ. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी खरोखरच असतात हे प्रयोगाने सिद्ध केले. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण भिंतीपलीकडे जातात. मग त्यांच्याकडून दुरूनच काही काम का करून घेऊ नये? हा विचार प्रत्यक्षात आणणाऱ्या पहिल्या माणसांत आपले जगदीशचंद्र बोस होते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी अशा लहरी भिंतीपार पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारूही पेटवून दाखवली. लक्षात घ्या, इथे लहरीने नुसता निरोप नेला नाही, तिने काम केले.

पुढे तीनच वर्षांनी, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि हात न लावता ती वळवून दाखवली. पाहणारे चक्रावून गेले. आत शिकवलेले माकड बसवले असेल अशी शंका कोणी काढली म्हणतात! त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला टेस्लांना या शोधाचे पेटंट मिळाले. त्या पेटंटच्या मथळ्यात नुसती जहाजे नाहीत, ‘जहाजे किंवा वाहने’ असे शब्द आहेत. म्हणजे दुरून चालणारी गाडी कागदावर १८९८ सालीच जन्मली होती. स्पेनचे लिओनार्दो तोरेस केवेदो यांनीही १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजासमोर किनाऱ्यावरून नाव चालवून दाखवली.

असे असताना मुलांच्या हातात अशी गाडी यायला आणखी साठ-सत्तर वर्षे का लागली? याचे कारण वजन. तुमच्या आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. केवढे ते खोके, आणि वीज नसेल तिथे केवढी ती बॅटरी! एवढे ओझे खेळण्यात बसवायचे कसे? विमानाचे वेड असलेल्या हौशी लोकांनी तेही करून पाहिले. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओने चालणारे विमानाचे मोठे मॉडेल उडवले. पण ते जाणकारांचे काम होते. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ओझे उतरले. ज्या ट्रान्झिस्टरने आपल्याकडे रेडिओ शेताच्या बांधापर्यंत नेला, त्यानेच तो खेळण्याच्या पोटात नेला.

१९५५ साली जपानच्या मासुदाया कंपनीने पत्र्याची एक बस बाजारात आणली. तिचे नाव ‘रेडिकॉन’. रेडिओने चालणारे, दुकानात विकत मिळणारे खेळणे म्हणून तिचे नाव इतिहासात पहिल्यांदा घेतात. त्या काळच्या हौशी मॉडेलांत सुकाणूची तऱ्हा मोठी गमतीची असे. हातात एकच बटन. एकदा दाबले की उजवीकडे, दोनदा दाबले की डावीकडे. आत पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर एक चक्र टप्प्याटप्प्याने फिरे आणि सुकाणू हलवी. थोडे वळ, जास्त वळ, असे सांगण्याची सोयच नव्हती. बैलाला नुसते ‘वळ’ म्हणता येते, पण कासरा किती ओढायचा ते आपल्या हाती नाही, तसा तो प्रकार. बोट जेवढे हलेल तेवढेच चाक वळेल, अशी व्यवस्था १९६० नंतरच्या दशकात आली आणि तिथून खरी मोटार शक्य झाली. १९६६ साली इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावच्या एल-जी नावाच्या कंपनीने फेरारी मोटारीची बारा पटींनी लहान केलेली रेडिओ-गाडी काढली. आजच्या त्याच नावाच्या कोरियन कंपनीशी हिचा संबंध नाही, बरं का. त्याच वर्षअखेर ती लंडनच्या दुकानातही दाखल झाली होती.

परंतु हा छंद घरोघर नेण्याचे श्रेय जपानमधल्या शिझुओका गावाला द्यावे लागते. तिथे १९४६ साली, युद्धाने देश होरपळून निघालेला असताना, योशिओ तामिया यांनी लाकडाचा धंदा सुरू केला. जोडीला ते लाकडाची मॉडेले करू लागले. १९५१ साली आग लागून वखार जळाली, आणि मग मोठ्या लाकडाचा धंदा बंद करून त्यांनी छोट्या मॉडेलांवरच लक्ष घातले. त्यांचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांनी ते काम वाढवले. शुनसाकू २०२५ साली निवर्तले. या गृहस्थांची एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे. पोर्श मोटारीचे मॉडेल हुबेहूब करायचे म्हणून त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती खोलून तिचे भाग न् भाग तपासले. अशा तयारीतून १९७६ साली त्यांची पोर्श ९३४ निघाली. आधी नुसती शोभेची, आणि वर्षअखेर रेडिओने चालणारी. तामियांची ती पहिली रेडिओ-मोटार.

या गाड्या तयार मिळत नसत. खोक्यात सुटे भाग आणि एक चित्रमय पुस्तिका असे. मुलाने संध्याकाळच्या संध्याकाळ बसून गाडी स्वतः जोडायची. कोणते चाक कोणत्या आसावर आणि कोणता दाता कोणत्या दात्यात, हे त्याला हाताने कळे. पुढच्या छंदाचे बीज इथे आहे. जे आपण जोडले ते आपल्याला खोलता येते, आणि जे खोलता येते ते दुरुस्त करता येते.

१९७९ साली सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या दोन गाड्या आल्या आणि गुळगुळीत फरशीवरची मोटार माती-वाळूत उतरली. त्यांच्या पुढच्या चाकांची झोळणी फोक्सवॅगन मोटारीच्या धर्तीवर धातूच्या ओतीव भागांची केलेली होती आणि रेडिओचे सामान पाण्या-धुळीपासून वाचवायला पारदर्शक बंद पेटी होती. १९८१ साली तीन गिअरची टोयोटा हायलक्स आली. १९८४ साली ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या स्वस्त, दणकट, मुलांना परवडणाऱ्या गाड्या आल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची सोनेरी अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची आरसी-१० ही शर्यतीची गाडी आली. क्योशो ही दुसरी जपानी कंपनीही तोलामोलाची होती. आज ज्यांचा जीर्णोद्धार होतो त्या गाड्या बहुतेक या दहा-बारा वर्षांतल्या.

त्यांच्या पोटात काय असे, हे थोडक्यात सांगतो, म्हणजे दुरुस्तीची गोष्ट उमजेल. हातातल्या पेटीतून लहर निघे. आकाशवाणीच्या मध्यम लहरी सेकंदाला पाच ते सोळा लाख वेळा कंप पावतात, ही लहर सुमारे दोन कोटी सत्तर लाख वेळा. गाडीतला रिसीव्हर ती पकडी आणि सर्व्हो नावाच्या दोन छोट्या यंत्रांना हुकूम देई. एक सर्व्हो चाके वळवी, दुसरा वेग बदली. वेग बदलण्याची रीत अगदी साधी होती. तांब्याची पट्टी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरके आणि वाटेत रेझिस्टर असल्यामुळे मोटरला कमी-जास्त वीज मिळे. उरलेली वीज उष्णता होऊन जाई, त्यामुळे रेझिस्टर चटका बसण्याइतका तापे. १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम सेल जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी होई, आणि ती गाडीला दहा-पंधरा मिनिटे पळवी. दोन गाड्यांची लहर एकच झाली तर एकाच्या हुकुमाने दुसऱ्याची गाडी पळे. म्हणून स्फटिकाच्या छोट्या कुप्या बदलून लहर बदलीत आणि तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशी सहा रंगांची खूण ठरलेली असे. शर्यतीच्या जागी फळ्यावर चिमटे टांगलेले असत. ज्याच्या हाती त्या रंगाचा चिमटा, त्यानेच त्या लहरीवर पेटी सुरू करायची. केवढी सुंदर शिस्त!

पुढे मुले मोठी झाली. शिक्षण, नोकरी, संसार. गाड्या माळ्यावर गेल्या. वीस-पंचवीस वर्षांनी घर बदलताना कोणाच्या तरी हाताला ते खोके लागले, आणि इथून आपल्या छंदाला आरंभ होतो.

जीर्णोद्धाराचा पहिला नियम असा की लगेच धुवायचे नाही. आधी पाहायचे. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यायची, कोणता स्क्रू कुठला ते लिहून ठेवायचे. धूळ म्हणजे नुसती घाण नव्हे, तीही पुरावा आहे. चाकाच्या खोबणीत वाळू असेल तर गाडी समुद्रकाठी चालली असेल. सांगाड्याच्या आत खिळ्याने कोरलेले मुलाचे नावही कधी कधी सापडते. ते घासून टाकले की गेले.

मग स्क्रू. इथेच नवखा माणूस फसतो. जपानी फुलीच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसाला बरोबर बसत नाही. दिसायला सारखीच, पण पेचकस निसटतो आणि डोके झिजून जाते. जपानी मापाचाच पेचकस हवा. गंजलेल्या स्क्रूला तेलाचा थेंब देऊन रात्रभर थांबायचे. घाईला इथे जागा नाही.

बॅटरीच्या खणात पांढरी-हिरवी बुरशी दिसते. ती बुरशी नव्हे, सेल फुटून झिरपलेले रसायन. सेल अल्कलाइन असेल तर ते रसायन अल्कधर्मी असते, त्याला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून साफ करतात. जुन्या साध्या जस्ताच्या सेलचे रसायन आम्लाकडे झुकणारे, त्याला खाण्याचा सोडा. म्हणजे आधी निदान, मग औषध. शाळेत आम्ल-अल्क शिकवणाऱ्या गुरुजींना याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार? मात्र जुना कॅडमियमचा सेल फोडू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. कॅडमियम विषारी आहे. तो गोळा करणाऱ्या केंद्राकडेच द्यावा.

दातेचक्रांतले ग्रीस चाळीस वर्षांत डिंकासारखे घट्ट होते. धातूच्या भागांना रॉकेलसारखे द्रावण चालते, प्लॅस्टिकला कोमट पाणी आणि साबण. नायलॉनचे भाग वाळून ठिसूळ झालेले असतात, आणि त्यांच्यावरचा इलाज ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ते पाण्यात उकळतात! नायलॉन थोडे पाणी शोषून घेते आणि मग ते तुटण्याऐवजी वाकते. पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडले असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. ही युक्ती २००८ च्या सुमारास जुने संगणक जपणाऱ्यांनी प्रसिद्ध केली आणि खेळगाड्यांच्या लोकांनी उचलली. हातमोजे आणि चष्मा घालून मोठ्यांनी करायचे हे काम आहे, मुलांनी नव्हे.

मोटरमध्ये कार्बनचे दोन ठोकळे, ज्यांना ब्रश म्हणतात, फिरत्या तांब्याच्या कड्यावर घासत असतात. कडे काळवंडलेले असते. ते पुसून, स्प्रिंगा तपासून, बुशांना तेलाचा थेंब दिला तर पुष्कळदा ती मोटर चाळीस वर्षांनीही फिरते. रबराची धाव मात्र वेळेपुढे हरते. ती कडक होते, चिरते, आणि बहुधा नवीच घ्यावी लागते.

सर्वांत अवघड काम म्हणजे वरची काया. ती दोन प्रकारची. एक जाड, कडक प्लॅस्टिकची, तिला बाहेरून रंग देतात. तिचा जुना रंग योग्य द्रावणाने सोडवून पुन्हा देता येतो. दुसरी पातळ पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. हिला आतून रंग देतात, म्हणजे गाडी घासली तरी रंग जात नाही. काचेवर उलट्या बाजूने चित्र काढणारे कारागीर जसे आधी बारीक रेषा आणि मग मागचा रंग भरतात, तसाच इथे क्रम उलटा. ही काया एकदा तडकली, आतला रंग सुटला, की ती पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य. आतून जाळी चिकटवून ती सांभाळायची, एवढेच हाती राहते.

आणि रेडिओ? जुन्या पेट्या नीट असल्या तरी पुष्कळ जण आता त्या वापरीत नाहीत. २००५ च्या आगेमागे सेकंदाला सुमारे दोनशे चाळीस कोटी कंपनांची नवी पद्धत आली. तिच्यात पेटी आणि गाडी एकमेकींना ओळखतात. स्फटिकही नको आणि चिमटेही नकोत. नव्या रिसीव्हरला लांब एरियलही लागत नाही. परंतु गंमत पाहा, कित्येक जण जुन्या गाडीवर ती उंच काडी तशीच ठेवतात. तिच्यावाचून गाडी गाडी वाटत नाही!

इथेच आपला मूळ प्रश्न येतो. नवा रेडिओ घातला, नवे रबर घातले, नवा रंग दिला. मग ही जुनी गाडी राहिली का? खेड्यातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. आजोबांच्या बैलगाडीची धाव लोहाराने बदलली, आरे सुताराने बदलले, पुढे जूही बदलले. तरी आपण तिला आजोबांचीच गाडी म्हणतो. कारण ती रोज शेतावर जात राहिली आणि प्रत्येक बदल घरच्यांच्या डोळ्यांदेखत झाला.

या छंदात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, खोक्यावरच्या चित्रात गाडी जशी होती, तश्शीच करा. तोच रंग, त्याच पट्ट्या, तीच चिठ्ठी. दुसरा म्हणतो, गाडी आपली आहे, तिला आपल्या मनासारखी करा. बुशांच्या जागी छर्ऱ्यांचे बेअरिंग, तापणाऱ्या पट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, जुन्या मोटरच्या जागी ब्रश नसलेली जोरकस मोटर, आणि रंग तर आपल्या कल्पनेतला. दुसऱ्या पंथालाही इतिहास आहे. जुन्या काळीही मुले खोक्यातली गाडी तशीच कुठे ठेवीत होती? जोडल्या दिवसापासून तिच्यात बदल सुरू होत. तेव्हा बदल करणे म्हणजे परंपरा मोडणे, असे एकदम म्हणता येत नाही.

पण बदलाला स्वतःचा हिशेब असतो. एका ठिकाणी जोर वाढवला की तो जोर दुसरीकडे जाऊन आदळतो. १९८३ च्या फ्रॉग नावाच्या गाडीत चाकांना जोर पोचवणाऱ्या षट्कोनी दांड्या असत, त्यांचे कोपरे मूळच्या मोटरनेही झिजत. तिथे दुप्पट जोराची मोटर बसवली तर काय होईल? लिथियमची नवी बॅटरी फार खाली उतरली तर खराब होते, आणि जुन्या पट्टीच्या नियंत्रकाला ‘आता थांब’ म्हणणे ठाऊक नसते. ज्याने जुने यंत्र नीट वाचले, त्यालाच नवे कुठे घालायचे ते समजते.

२००४ पासून खुद्द तामिया कंपनीनेच जुन्या गाड्या पुन्हा काढायला आरंभ केला. हॉर्नेट, ग्रासहॉपर, पुढे २०१० साली सँड स्कॉर्चर. त्यामुळे सुटे भाग मिळू लागले आणि पुष्कळ मोडक्या गाड्या वाचल्या. शिवाय आता हौशी लोक व्हर्निअरने मापे घेऊन तुटलेल्या भागाची आकृती संगणकावर काढतात आणि तो भाग त्रिमिती छपाईच्या यंत्रावर करून घेतात. हे सगळे चांगलेच. पण त्याबरोबर एक धोका आला. नवा भाग घातलेली गाडी ‘अस्सल जुनी’ म्हणून चढ्या भावाने विकता येऊ लागली. नव्या आवृत्तीतले भाग जुन्यात मिसळले की दहा वर्षांनी ते कोणाला ओळखू येणार? तेव्हा नुकसान गिऱ्हाइकाच्या पैशांचे होतेच, शिवाय इतिहासाचेही होते. १९७९ साली कारागिरांनी काय केले आणि २०१० साली काय केले, हा भेदच पुसला जातो.

आपल्या मराठीत या प्रश्नाचा निवाडा फार पूर्वी होऊन गेला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. नकलांच्या नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. कोणी अवघड शब्दाच्या जागी सोपा घातला, कोणी आपल्या पदरची ओवी घुसडली. घालणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण मूळ कुठले आणि भर कुठली, ते कळेनासे झाले. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांना बजावले की या ग्रंथात आपली ओवी मिसळू नका. नाथ स्वतः काय थोडे कवी होते? त्यांनी भागवतावर स्वतंत्र मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे नवे लिहू नका असे त्यांचे म्हणणे नव्हते. नवे जरूर लिहा, पण ते आपल्या नावाने, वेगळ्या पोथीत.

हाच न्याय खेळगाडीला लावून पाहा. जीर्णोद्धार करायचा तर मूळ राखा. जिथे मूळ भाग मिळत नाही तिथे नवा घाला, पण तो नवा आहे हे लिहून ठेवा. काढलेला जुना भाग फेकू नका, पुडी बांधून खोक्यात ठेवा, म्हणजे तुमच्या नंतरच्याला चूक दुरुस्त करता येईल. आणि मनासारखी गाडी करायची असेल तर खुशाल करा. त्यासाठी सर्वांत धड, न खेळलेली गाडी मोडू नका, आधीच भाग हरवलेला सांगाडा घ्या, आणि नवी आवृत्ती मिळते तिथे ती घ्या. चांगले छांदिष्ट हे पाळतात. गाडीबरोबर एक वही ठेवतात. कोणत्या तारखेला काय काढले, काय घातले, ते तीत लिहिलेले असते. देवळाच्या भिंतीत जीर्णोद्धाराचा शिलालेख बसवतात ना, तशी ती वही.

शिक्षक बंधु-भगिनींनो, शेवटचे दोन शब्द आपल्यासाठी. शिझुओकाची गाडी आपल्या गावात नसेल. पण जत्रेतून आणलेली, चार दिवसांत बंद पडलेली मोटार गावात घराघरांतून निघेल. एखाद्या शनिवारी ती वर्गात मागवा. सेल काढून ठेवा आणि मुलांना ती खोलू द्या. तीनच प्रश्न विचारा. हा भाग काय काम करतो? तो असाच का केला असेल? आणि तो कशाने बिघडला? पहिल्या प्रश्नात विज्ञान आले, दुसऱ्यात इतिहास आला, तिसऱ्यात दुरुस्ती आली. उत्तरे वहीत लिहून घ्या, तारीख घाला. गाडी पुन्हा चालली तर आनंदच आहे. नाही चालली, तरी बंद खोक्याच्या आत काय असते हे त्या मुलांना कळलेले असेल. जी वस्तू आपल्याला खोलता येत नाही ती बिघडल्यावर फेकण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही, आणि आजकालच्या पुष्कळ वस्तू तशाच बंद येतात. वस्तू खोलणारा हात आणि तिची नोंद ठेवणारी वही, एवढे दोन्ही मुलांच्या अंगवळणी पडले तरी पुष्कळ झाले. पुढे त्याच हातांत एखादे दिवशी गावच्या जुन्या देवळाचे, दप्तराचे, पोथीचे काम येणार आहे.